टर्कीच्या शिकारीसाठी कॉल: निवड, तयारी आणि सरावाचा योग्य क्रम

अमेरिकेत वसंतातल्या टर्कीच्या (कोंबडीच्या कुळातल्या मोठ्या रानपक्ष्याच्या) शिकारीला पहिल्यांदा निघणारे बहुतेक जण एकाच वाटेने चुकतात. हंगाम आठ दिवसांवर आला की दुकानात जायचे, तोंडात धरायचे तीन-चार डायफ्रॅम कॉल (कॉल म्हणजे टर्कीचा आवाज काढायचे छोटे साधन) उचलायचे, जोडीला दिसायला देखणा म्हणून काचेचा पॉट कॉल घ्यायचा आणि घरी कशातूनच धड आवाज निघेना म्हणून आणखी महागडा कॉल मागवायचा. दोष सहसा कॉलचा नसतो. पॉटचा पृष्ठभाग खरवडलेला नसतो, त्यावर घासायच्या काडीचे, म्हणजे स्ट्रायकरचे, टोक बोटांच्या तेलाने गुळगुळीत झालेले असते, किंवा ज्या कॉलला दोन महिन्यांचा सराव लागतो तो आठ दिवसांत जमवायची धडपड चाललेली असते. क्रम नीट पाळला तर तीन कॉलमध्ये अख्खा हंगाम निघतो.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. वसंतात शिकारी मादीचा आवाज काढून नराला बंदुकीच्या टप्प्यात बोलावतो. निसर्गात घडते ते उलटे: नर एका जागी पिसारा फुलवून गॉबल (नराची मोठी हाक) करत राहतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. म्हणजे आपण त्याला त्याच्या सवयीविरुद्ध चालायला लावत असतो. आपण फार आणि मोठ्याने बोललो की तो समजतो, मादी येतेच आहे, आणि आहे तिथेच थांबतो. म्हणून जास्तीत जास्त मोठा वाजणारा कॉल शोधू नका. अगदी हळू वाजवला तरी खरा वाटणारा कॉल शोधा.

(भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथली कोणतीही युक्ती तिकडच्या पक्ष्यांवर वापरायची नाही.)

टप्पा १: आधी नियम, मग खरेदी

प्रत्येक राज्याचे वन्यजीव खाते दरवर्षी शिकारीच्या नियमांची पुस्तिका काढते. कॉल घेण्याआधी ती वाचा आणि चार गोष्टी टिपून घ्या: हंटर एज्युकेशनचा कोर्स तुम्हाला लागतो का, टर्कीसाठी वेगळा परवाना किंवा टॅग (मारलेल्या पक्ष्याला लावायची चिठ्ठी) लागतो का, शिकारीची वेळ किती वाजता संपते, आणि कोणती साधने चालत नाहीत. बॅटरीवर चालणारे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारे कॉल बहुतेक राज्यांत निषिद्ध आहेत. न्यूयॉर्कमध्ये वसंतातली शिकार दुपारी बाराला थांबते. पेनसिल्व्हेनियात वसंतात नराला कॉल करून बोलावूनच मारता येते, त्याचा माग काढत जवळ जाता येत नाही. अशा राज्यात कॉल न जमणाऱ्यापुढे दुसरा मार्गच नसतो.

सूचना: एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर हे नीट बघा. नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या वास्तव्याच्या) व्हिसावर आलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगायला मनाई आहे. त्यातून सूट मिळण्याचा एक मार्ग म्हणजे तिथल्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारपरवाना. म्हणून आधी परवाना, मगच बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की त्याच्या जोरावर मिळालेली सूटही संपते. मित्राची बंदूक नुसती सांभाळायला घेणेही या मनाईत येते. शंका असेल तर वकिलाला विचारा.

टप्पा २: आवाज कानात बसवा

आवाज ओळखता येत नसेल तर दुकानात कॉल वाजवून काहीच कळत नाही. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन यांच्या संकेतस्थळांवर खऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे आहेत. आठवडाभर रोज ऐका. सुरुवातीला एवढे पुरे:

येल्प: मादीची नेहमीची हाक. साधारण पाच ते आठ स्वरांची लड. प्रत्येक स्वर वर सुरू होऊन खाली उतरतो, वरचा भाग स्वच्छ, खालचा खरखरीत.

ट्री येल्प: झाडावर बसल्या बसल्या, उजाडताना काढलेले तीन-चार अगदी मंद, नाकातले स्वर.

क्लक: एकच आखूड, तुटक स्वर. दोन क्लकमध्ये चांगली फट असते.

पर: चरताना येणारी मऊ घरघर, समाधानी पक्ष्याची.

कटिंग: उत्तेजित मादीचे जलद, मोठे, अनियमित क्लक. हा मसाला आहे, रोजचे जेवण नव्हे.

आणि एक आवाज काढायचा नाही म्हणून शिकायचा: पट. हा धोक्याचा इशारा. साधा क्लक फार तीक्ष्ण निघाला की त्याचा पट होतो आणि नर पाठ फिरवतो. नवख्यांच्या हातून पक्षी जातो तो बऱ्याचदा इथेच.

तपासणी: डोळे मिटून ध्वनिमुद्रण ऐका. क्लक आणि पट यांतला फरक दहापैकी दहा वेळा सांगता आला, तरच पुढे जा.

टप्पा ३: जागा, हवा आणि तुमचे हात बघून प्रकार ठरवा

*बॉक्स कॉल.* लाकडी लांबट डबी, वर स्क्रूवर फिरणारे झाकण. झाकण डबीच्या कडेवर घासले की येल्प निघतो. शिकायला सोपा, वाऱ्यातही लांब जातो. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससच्या मोकळ्या रानातल्या रिओ ग्रांदे उपजातीच्या टर्कीसाठी आणि पश्चिमेच्या डोंगरांतल्या मेरियम उपजातीच्या टर्कीसाठी तो फार कामाचा. उणिवा दोन: ओला झाला की मुका होतो, आणि वाजवायला दोन्ही हात हलवावे लागतात.

*पॉट कॉल.* गोल बशीसारख्या सांगाड्यात वर पाटीचा दगड, काच, क्रिस्टल किंवा ॲल्युमिनियमची तबकडी, तळाला भोके, आणि घासायला स्ट्रायकर. पाटीचा दगड सर्वांत मऊ बोलतो, पर आणि क्लकला त्याच्यासारखा दुसरा नाही. काच आणि क्रिस्टल वरच्या पट्टीत, जास्त लांब जाणारे. ॲल्युमिनियम सर्वांत तीक्ष्ण, वाऱ्याच्या दिवसासाठी राखून ठेवावा असा. पूर्वेकडच्या दाट पानझडी रानात, जिथे ईस्टर्न टर्कीच्या मागे भरपूर शिकारी असतात, तिथे पाटीचा पॉट सर्वांत भरवशाचा. फ्लोरिडात, ऑसिओला टर्कीच्या दलदलीत, दमट हवेने पाटी आणि लाकूड दोन्ही मंदावतात. तिथे क्रिस्टल आणि ॲक्रिलिक किंवा कार्बनचा स्ट्रायकर घ्या.

*डायफ्रॅम कॉल.* घोड्याच्या नालासारखी छोटी धातूची चौकट, तिच्यावर ताणलेले लॅटेक्सचे पातळ पडदे, भोवती टेपची झालर. टाळूला लावून वाजवायचा. पावसाची फिकीर नाही, हात मोकळे. शिकायला सर्वांत अवघड. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर हा प्रकार साफ सोडून द्या.

*पुश-बटण कॉल.* छोटी डबी, दांडी ढकलली की क्लक आणि येल्प. हंगाम दोन आठवड्यांवर असेल आणि हातात काहीच नसेल तर हाच घ्या, संकोच करू नका. मोठा आवाज निघत नाही, पण जवळ आलेल्या नराला तो लागतही नाही.

*लोकेटर कॉल.* घुबड किंवा कावळ्याच्या आवाजाचे. नर दचकून गॉबल करतो आणि त्याची जागा कळते. घुबड पहाटे आणि तिन्हीसांजेला, कावळा दिवसा. मोराच्या केकेचेही कॉल मिळतात आणि त्यांनाही नर उत्तर देतो. याने पक्षी जवळ येत नाही, फक्त सापडतो. म्हणून याला टर्की कॉलच्या जागी धरू नका.

धोका: नराचा गॉबल काढणारा कॉल सार्वजनिक जमिनीवर वापरू नका. तो ऐकून नर येण्याआधी बंदूक घेतलेला दुसरा शिकारी यायचा.

टप्पा ४: खरेदीचा क्रम

१. पहिला: पाटीचा पॉट कॉल आणि दोन स्ट्रायकर, एक हिकरीचा, एक पर्पलहार्टचा किंवा दुसऱ्या एखाद्या कठीण लाकडाचा. स्ट्रायकर बदलला की त्याच पाटीतून वेगळी मादी बोलते. दुसरा पॉट घेण्याआधी दुसरा स्ट्रायकर घ्या, पैसेही कमी लागतात. पावसाळी भागात असाल तर पाटीऐवजी क्रिस्टल.

२. दुसरा: बॉक्स कॉल. दुकानात वाजवू देत असतील तर दोन-तीन डब्या हातात घेऊन बघा, कारण एकाच नमुन्याच्या दोन डब्या वेगळ्या वाजतात. दोन्ही कडा तपासा. मोठ्या आवाजावर भुलू नका. झाकण अगदी हलके ओढा. मंद येल्पमध्येही वरून खाली उतरणारे दोन स्वर ऐकू आले तर तीच डबी घ्या.

३. तिसरा: डायफ्रॅम. एक किंवा दोन पडद्यांचा, विशेष काप नसलेला किंवा लहान काप असलेला. तीन-चार पडद्यांचे आणि वटवाघळाच्या पंखासारखे काप असलेले कॉल खरखर छान देतात, पण त्यांना हवेचा दाब जास्त लागतो आणि नवख्याचा नुसता फुसका आवाज येतो. टाळू अरुंद असेल तर लहान चौकटीचे मिळतात, ते मागा.

हा क्रम जंगलात वापरण्याचा. डायफ्रॅमचा सराव मात्र जानेवारीपासूनच सुरू करा. हंगाम राज्याप्रमाणे मार्च ते मेच्या दरम्यान उघडतो, तोवर तो जेमतेम तयार होतो.

टप्पा ५: पृष्ठभाग तयार करा

निम्म्या तक्रारी इथे मिटतात. नवीन पॉट पाकिटातून काढून थेट वाजवायचा नसतो. स्ट्रायकर तबकडीवर अडत-सुटत सरकतो, त्या कंपातून आवाज येतो. तबकडी गुळगुळीत असेल तर तो नुसता घसरतो.

पाटी: भांडी घासायची हिरवी घासणी कोरडीच घ्या आणि हलक्या हाताने एकाच दिशेने घासा. काळा चकचकीतपणा जाऊन राखाडी, मॅट रंग आला की थांबा. दर थोड्या वेळाने पुन्हा घासावी लागते.

काच आणि क्रिस्टल: ८० ते १०० नंबरचा पॉलिश पेपर किंवा कॉलसोबत येणारा दगड. इथे जोर लागतो. एकाच दिशेने घासा, गोल नको. पृष्ठभागावर समांतर पांढऱ्या रेषा दिसल्या पाहिजेत. वाजवताना स्ट्रायकर या रेषांना आडवा ओढायचा.

ॲल्युमिनियम: पॉलिश पेपरच, पण बारीक आणि हलका.

तबकडी पूर्ण खरवडायची गरज नाही. मधला भाग आणि कड यांच्या दरम्यान तीनेक बोटे रुंदीचा पट्टा पुरतो. धूळ फुंकून उडवा, हाताने पुसू नका. बोटाच्या एका स्पर्शाने त्या जागी तेल बसते आणि नेमका तिथेच आवाज तुटतो. लाकडी स्ट्रायकरचे टोक बारीक पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा फिरवा, पण टोकाची गोलाई मोडू देऊ नका. पाटीला खडू लावायचा नसतो. बॉक्स कॉलची रीत पाहून पाटीवर खडू चोळणारे बरेच असतात, आणि मग पाटी घसरते.

बॉक्स कॉलला मात्र खडू हवाच, पण तेल किंवा मेण नसलेला, कॉलसाठीच मिळणारा. झाकणाच्या आतल्या बाजूला आणि कडांना हलका थर पुरे. झाकणावर चकाकी दिसली तर घासणीने ती काढा आणि पुन्हा खडू लावा. कडांना पॉलिश पेपर कधीच लावू नका. कडेचा आकार एवढासा बदलला की डबीचा सूर कायमचा गेला. झाकणाचा स्क्रूही कारखान्यात लावलेला असतो, तसाच राहू द्या. फिरवायचाच असेल तर आधी पेन्सिलीने खूण करा आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा.

तपासणी: स्ट्रायकर टेकवून अगदी हळू एक इंचभर ओढा. सलग कंप जाणवला तर तयारी झाली. मध्येच घसरला तर पुन्हा घासा.

टप्पा ६: धरणे आणि वाजवणे

पॉट बोटांच्या टोकांवर धरा, तळहाताला चिकटवू नका. खालची भोके झाकली की आवाज गुदमरतो. स्ट्रायकर पेन्सिलसारखा, किंचित तिरका. टोक तबकडीवरून उचलायचे नाही. येल्पसाठी छोट्या नाण्याएवढे अंडाकार फिरवा, क्लकसाठी जोर देऊन पाव इंचाचा झटका, परसाठी हळू, वजन न देता एक रेघ. कडेकडे गेलात की सूर चढतो, मध्याकडे उतरतो. प्रत्येक पॉटला एक हुकमी जागा असते. ती सापडली की सांगाड्याच्या कडेवर पेनाने खूण करून ठेवा, अंधारात उपयोगी पडते.

बॉक्स धरताना बोटांनी डबीच्या बाजू आवळू नका, ती तळहातावर नुसती टेकू द्या. झाकण न उचलता इंच-दीड इंच ओढा.

डायफ्रॅमची शिकवणी सावकाश करा. चौकटीची उघडी बाजू दातांकडे, गोल बाजू घशाकडे. वरची-खालची बाजू पाकिटावरच्या चित्राप्रमाणे. मळमळले तर तो थोडा पुढे ओढा. झालर मोठी वाटत असेल तर कात्रीने रेघभर कापा, पुन्हा लावून बघा, आणखी रेघभर. धातूपर्यंत कापत गेलात तर कडेने हवा निसटते आणि तो कॉल फुकट जातो. पहिले काही दिवस येल्प काढूच नका. जीभ पडद्याला हलकी टेकवून छातीतून हवा सोडा आणि एकच सरळ, उंच स्वर धरा. तो न फाटता दोन सेकंद टिकला की जबडा खाली सोडायला शिका, तोंडात ‘चॉक’ म्हटल्यासारखा. उंच स्वरातून खाली येणे म्हणजेच येल्प. गालातून फुंकणाऱ्यांना हे जमत नाही, हवा पोटातून यायला हवी.

टप्पा ७: फोनची चाचणी

स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाशी नेहमी जास्त कर्कश लागतो, बंद खोलीत तर फारच. फोनवर ध्वनिमुद्रण चालू करून तो मोकळ्या मैदानात ठेवा, चाळीस पावले लांब जा, तिन्ही कॉलांवर येल्पची एकेक लड आणि दोन क्लक काढा. मग टप्पा २ मधले ध्वनिमुद्रण आणि तुमचे एकापाठोपाठ ऐका. सूर तंतोतंत जुळला नाही तरी चालेल, खऱ्या माद्यांचे सूरही वेगवेगळेच असतात. लय जुळलीच पाहिजे. स्वरांमधली फट समान आहे का, शेवटचा स्वर अर्धवट तुटतो का, आणि घाई होते का, एवढेच तपासा. घाई जवळजवळ सगळ्यांचीच होते.

सराव घरी किंवा गाडीत करा. हंगामाआधी शिकारीच्याच रानात जाऊन मादीचे आवाज काढणे ही मोठी चूक. पक्षी आवाजाकडे येतात, माणूस पाहतात आणि पुढे तो आवाज टाळतात. त्या दिवसांत रानात फक्त ऐकायला जा.

टप्पा ८: पहिल्या सकाळी कोणता कॉल केव्हा

अंधार असतानाच बसा, नर झोपलेल्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर. पाठीला खांद्यांपेक्षा रुंद खोड हवे. उजाडताना पाटीवर तीन-चार मंद ट्री येल्प, एकदाच. त्याने उत्तर दिले तर गप्प. झाडावर असताना त्याला वारंवार बोलते केलेत तर तो फांदीवरूनच मादीची वाट पाहत बसतो. उतरल्यावर साधा येल्प, दोन-तीन क्लक. दूर असेल किंवा वारा असेल तरच बॉक्स. नर शंभर यार्डांच्या आत आला की बॉक्स आणि पॉट खाली ठेवा, बंदूक गुडघ्यावर, डायफ्रॅम तोंडात. टर्कीची नजर फार तीक्ष्ण असते. या अंतरावर हलणारा हात त्याला आवाजाच्या आधी दिसतो.

डायफ्रॅम अजून जमत नसेल तर पुश-बटण कॉल मांडीशी ठेवून एका बोटाने क्लक काढा. फसलेला डायफ्रॅम वाजवण्यापेक्षा पूर्ण शांतता बरी. तो उत्सुक असेल तर येतोच.

झाडांना पाने फुटल्यावर आवाज दबतो. गॉबल लांबचा वाटतो आणि पक्षी प्रत्यक्षात बराच जवळ असतो. उशिराच्या हंगामात म्हणूनच कॉल अर्ध्या आवाजात ठेवा आणि उठायची घाई करू नका.

धोका: अंगावर लाल, पांढरा, निळा किंवा काळा रंग कुठेही दिसू देऊ नका. रुमाल आणि मोजेसुद्धा बघा. नराचे डोके आणि पिसे याच रंगांची. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, कॉलही काढू नका. स्पष्ट, मोठ्या आवाजात बोला. बहुतेक राज्यांत वसंतात दाढीवाला (छातीवर केसांसारख्या पिसांचा झुपका असलेला) पक्षीच मारता येतो, त्यामुळे डोके आणि दाढी दोन्ही डोळ्यांनी दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर नेऊ नका.

टप्पा ९: जपणूक

चालताना बॉक्सचे झाकण आणि डबी यांच्यामध्ये कापडाची घडी घालून रबरबँड लावा, नाहीतर प्रत्येक पावलाला तो कुरकुरतो. स्ट्रायकर पॉटपासून वेगळ्या खिशात, टोक वर करून ठेवा. पाऊस आला तर बॉक्स ब्रेडच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशवीत घालून आतल्या आतच वाजवता येतो. डायफ्रॅम वापरून झाल्यावर साध्या पाण्याने धुवा, झटका, पडद्यांमध्ये टूथपिकचा सपाट तुकडा सरकवून वाळवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत एक दुपार राहिला तरी लॅटेक्स लिबलिबीत होते. पुढच्या जानेवारीत बाहेर काढाल तेव्हा पडदा ताणून बघा. कडा लहरी झाल्या असतील किंवा दोन पडदे चिकटले असतील तर तो टाकून नवा घ्या. पॉट आणि बॉक्स मात्र पुन्हा टप्पा ५ पासून तयार करा.